नोंदणी आहे, पण काटा झालेला नाही: ती नावं कशी शोधायची

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. दारव्हा तालुक्यातली तुमची शेतकरी उत्पादक कंपनी सोयाबीनचं हमीभाव खरेदी केंद्र चालवते. ‘नोंदणी’ या टेबलमध्ये साधारण २५०० शेतकरी आहेत आणि ‘काटापट्टी’ या टेबलमध्ये १८०० पट्ट्या, म्हणजे काट्यावर माल मोजल्याच्या पावत्या. नोंदणी झाली पण माल अजून काट्यावर आलेला नाही, अशांची यादी काढून केंद्र बंद होण्याआधी त्यांना फोन करायचेत. तुम्ही ‘नॉट इन’ (या यादीत नसलेले) वापरून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चालवली, तर एकही ओळ आली नाही. मग ही सातशे माणसं गेली कुठे, असं तुम्ही विचारलंय.

शून्य ओळी का आल्या ते लगेच सांगता येईल. पण ‘सातशे’ हा आकडाही बहुधा बरोबर नाही. शिवाय क्वेरी दुरुस्त झाल्यावर जी यादी येईल, तीही तपासल्याशिवाय वापरू नका. खेड्यापाड्यातल्या नोंदींवर मी बरीच वर्षं काम करतोय, जिनिंग, खरेदी-विक्री संघ, दूध संकलन अशा ठिकाणी. दोन टेबलं ताडून पाहताना क्वेरीला पाच मिनिटं लागतात. ‘हा तोच माणूस’ हे कशावरून ठरवायचं, यात मात्र दिवस जातो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी शून्याचं बघू. तुमच्या काटापट्टीत काही पट्ट्यांवर नोंदणी क्रमांक भरलेलाच नसणार. केंद्रावर हे हमखास होतं. नेट गेलेलं असतं, बाहेर ट्रॅक्टरची रांग असते, मग ऑपरेटर वजन टाकून घेतो आणि क्रमांक नंतर भरू म्हणून सोडून देतो. ती जागा डेटाबेसमध्ये ‘नल’ राहते. नलचा अर्थ डेटाबेस ‘माहीत नाही’ असा घेतो. आता समजा काटापट्टीत तीनच पट्ट्या आहेत: १०१, १०२ आणि एक नल. नोंदणीतला १०५ क्रमांकाचा शेतकरी त्यात नाही ना, असं तुम्ही विचारता. डेटाबेस एकेक तपासतो. १०५ हा १०१ पेक्षा वेगळा आहे का? आहे. १०२ पेक्षा वेगळा आहे का? आहे. त्या अज्ञात क्रमांकापेक्षा वेगळा आहे का? सांगता येत नाही, कारण तो १०५ सुद्धा असू शकतो. तिन्ही उत्तरं ‘होय’ असतील तरच ओळ पुढे जाते. इथे तिसरं उत्तर ‘अज्ञात’ आलं, म्हणून ओळ गळाली. प्रत्येक शेतकऱ्याच्या बाबतीत हेच होतं. १८०० पट्ट्यांत एक जरी नल असला तरी अख्खी यादी रिकामी येते, आणि चूक झाल्याचा कसलाही संदेश येत नाही. मायएसक्यूएल असो, पोस्टग्रेस असो की ओरॅकल, सगळे डेटाबेस असेच वागतात.

शून्य येण्याचं दुसरंही एक कारण असतं, तेही तपासून घ्या. काटापट्टीत त्या रकान्याचं नाव खरं तर ‘नोंद_क्र’ असेल आणि तुम्ही आतल्या कंसात ‘नोंदणी_क्र’ लिहिलं असेल, तर डेटाबेस चूक दाखवत नाही. आतल्या टेबलात ते नाव सापडलं नाही की तो बाहेरच्या, म्हणजे नोंदणी टेबलात बघतो. तिथे ते सापडतं, मग तो शेतकऱ्याचा क्रमांक त्याच्याच क्रमांकाशी ताडतो. साहजिकच सगळे ‘सापडले’ ठरतात. म्हणून प्रत्येक रकान्याच्या आधी टेबलाचं छोटं नाव लावायची सवय ठेवा. मग चूक लगेच उघडी पडते.

मी स्वतः ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरतो. खाली उच्चाराप्रमाणे लिहिलंय, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत करा:

सिलेक्ट न.नोंदणी_क्र, न.नाव, न.गाव, न.मोबाइल
फ्रॉम नोंदणी न
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट १ फ्रॉम काटापट्टी क व्हेअर क.नोंदणी_क्र = न.नोंदणी_क्र)

याचा अर्थ असा: ज्या शेतकऱ्यासाठी जुळणारी एकही पट्टी सापडत नाही, तो शेतकरी दाखव. नल असलेली पट्टी कुणाशीच जुळत नाही, म्हणून ती मध्ये येत नाही. इथे प्रश्न ‘सापडली का’ एवढाच असतो आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही इतकंच येतं.

बरेच जण हेच काम ‘लेफ्ट जॉइन’ने करतात: नोंदणी डावीकडे ठेवायची, काटापट्टी जोडायची आणि जिथे उजवी बाजू नल आली त्या ओळी घ्यायच्या. उत्तर तेच येतं, पण नल तपासायला पट्टीचा स्वतःचा क्रमांक घ्या, जो कधीच रिकामा नसतो. ‘क.ओलावा इज नल’ असं तपासलंत, तर ज्यांचा काटा झालाय पण ओलावा लिहायचा राहिलाय, तेही गैरहजर म्हणून यादीत येतील. ‘एक्सेप्ट’, म्हणजे एका यादीतून दुसरी वजा करणं, हा तिसरा मार्ग. मायएसक्यूएलमध्ये तो ८.०.३१ या आवृत्तीपासून आला. झॅम्प (डेटाबेस आणि वेब सर्व्हर एकत्र बसवणारं पॅकेज) टाकून सिस्टिम उभी केली असेल तर आत मारियाडीबी हा मायएसक्यूएलचा भाऊबंद असतो, त्यात १०.३ पासून आहे. एक्सेप्ट निवडलेले सगळे रकाने एकत्र ताडतो. त्यामुळे फक्त क्रमांक घेतलात तर ठीक, सोबत नाव घेतलंत तर ‘विठ्ठल’ आणि ‘विठ्ठलराव’ वेगळे ठरतात. कालच्या बॅकअपमध्ये आणि आजच्या टेबलात काय बदललं हे बघायचं असेल तर तो उत्तम, तुमच्या कामाला मी घेणार नाही. तुम्ही डेटाबेस कोणता ते लिहिलेलं नाही, पण वरची नॉट एक्झिस्ट्सची क्वेरी सगळीकडे चालते.

आता सातशेकडे वळू. २५०० वजा १८०० हा हिशोब शेतकरी वजा पट्ट्या असा झालाय. एक शेतकरी दोन खेपांत माल आणतो, त्याच्या दोन पट्ट्या होतात. काही पट्ट्यांवर क्रमांक नाही. काहींवर क्रमांक आहे, पण तो नोंदणीत नाही, कारण घाईत एक अंक चुकलाय. समजा १८०० पैकी ६० पट्ट्या बिनक्रमांकाच्या निघाल्या. उरल्या १७४०. त्यांवर वेगवेगळे क्रमांक १६१० आहेत आणि त्यातले १० नोंदणीत सापडत नाहीत. म्हणजे खरे जुळलेले शेतकरी १६००, आणि पट्टी न सापडलेले ९००. सातशे धरून फोन सुरू केले असते तर दोनशेपर्यंत घरं हिशोबाबाहेर राहिली असती. म्हणून यादी काढण्याआधी हे पाच आकडे वेगवेगळे मोजा: एकूण नोंदणी, एकूण पट्ट्या, बिनक्रमांकाच्या पट्ट्या, पट्ट्यांवरचे वेगळे क्रमांक आणि त्यातले नोंदणीत नसलेले. यादी आल्यावर जुळलेले आणि न जुळलेले यांची बेरीज एकूण नोंदणीएवढी झाली पाहिजे. एकाचा जरी फरक पडला तरी पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा एकाच शेतकऱ्याची नोंदणी दोनदा झालेली निघते.

पुढचा प्रश्न तुम्हाला तुमच्या कंपनीत बसूनच सोडवावा लागेल: ‘माल आला नाही’ म्हणजे नेमकं काय? सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के असते. एखादा शेतकरी ट्रॉली घेऊन आला, ग्रेडरने तपासलं, ओलावा जास्त निघाला आणि माल परत गेला. तुमच्याकडे त्याचीही पट्टी तयार होत असेल, ‘परत’ असा दर्जा लावून. वरच्या क्वेरीला तो शेतकरी ‘सापडला’ असंच वाटेल. त्याचा दाणाही विकला गेलेला नाही, पण तुमच्या यादीत तो येणार नाही आणि त्याला फोनही जाणार नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. तो माणूस एकदा भाड्याचे पैसे घालून येऊन गेलाय.

त्यासाठी दर्जाची अट आतल्या कंसात घाला: क.नोंदणी_क्र = न.नोंदणी_क्र अँड क.दर्जा = ‘स्वीकारला’. म्हणजे ‘स्वीकारलेली एकही पट्टी नाही असा शेतकरी’ हा अर्थ होतो. लेफ्ट जॉइन वापरत असाल तर ही अट ‘ऑन’च्या भागात, म्हणजे टेबलं कशावरून जोडायची ते लिहितो तिथे, गेली पाहिजे. ती ‘व्हेअर’मध्ये टाकलीत तर पुन्हा शून्य ओळी येतील, कारण जिथे पट्टीच नाही तिथे दर्जाही नल असतो आणि नल कधी ‘स्वीकारला’ होत नाही. मग काही जण अट उलटी करतात, ‘दर्जा स्वीकारला नाही किंवा पट्टी नाही’. ते आणखी वाईट. पहिल्या खेपेला माल परत गेला आणि आठवड्याने वाळवून आणल्यावर घेतला गेला, असा शेतकरीही त्यात येतो. त्याला तुमच्याकडून ‘माल कधी आणता’ असा फोन जातो आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, अडकला की काय म्हणून तो घाबरतो.

थोडा माल आला, बाकी घरी आहे, असेही शेतकरी असतील. त्यांच्यासाठी नोंदवलेले क्विंटल आणि काट्यावर आलेल्या क्विंटलची बेरीज अशी वेगळी क्वेरी करावी लागेल. ती या यादीत मिसळू नका.

आता खरं कष्टाचं काम. वरचं सगळं नोंदणी क्रमांक दोन्हीकडे नीट असला तरच चालतं. बिनक्रमांकाच्या पट्ट्या कुणाच्या, हे दुसऱ्या कशावरून तरी ओळखावं लागेल. आणि इथे आपल्या भागात काय काय आडवं येतं ते सांगतो.

नावावर भरवसा ठेवू नका. सातबारा वडिलांच्या नावावर असतो, नोंदणी वडिलांच्या नावाने होते, ट्रॉली घेऊन मुलगा येतो आणि पट्टीवर मुलाचं नाव लागतं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी. एका जागी ‘मारोती’, दुसऱ्या जागी ‘मारोतराव’. गावाचं नाव तर त्याहून फसवं. हिवरा, बोरगाव, पिंपळगाव, सावंगी ही नावं जिल्ह्याजिल्ह्यात कितीदा येतात ते तुम्हाला माहीत आहे, त्यात बुद्रुक आणि खुर्द कधी लिहिलेलं असतं, कधी नसतं. म्हणून गाव ताडायचं तर गावाच्या सरकारी कोडने ताडा. गट क्रमांक घ्यायचा तर तोही गावाच्या कोडसोबतच, कारण गट क्रमांक ४५ प्रत्येक गावात असू शकतो.

नोंदणीची यादी एक्सेलमधून आली असेल तर गट क्रमांकाकडे नीट बघा. ५/२ असा गट लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि डेटाबेसमध्ये ‘५ फेब्रुवारी’ जाऊन बसतं. बँक खात्याचंही तसंच. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच खरे ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला, तर शेवटचा अंक शून्य होतो. खात्याच्या सुरुवातीचे शून्यही उडतात. अशा खात्यावरून ताडलंत तर माणूस जुळणार नाही आणि चुकारा पाठवला तर तोही परत येईल. फाइल उघडण्याआधीच ते रकाने ‘टेक्स्ट’ ठरवून घ्या. एकदा उडालेला अंक एक्सेलमधून परत मिळत नाही, मूळ अर्जच काढावा लागतो.

मराठीत भरलेल्या नावांची वेगळीच अडचण असते. ‘कुऱ्हा’ हे गाव घ्या. पडद्यावर दोन्ही टेबलांत ते सारखंच दिसतं, पण त्यातला ‘ऱ्ह’ लिहायच्या पद्धती अनेक आहेत. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे एकच अक्षर जातं, दुसऱ्यावर ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन अक्षरं जातात, तिसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि मागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. डेटाबेस बहुधा अक्षरांचे कोड ताडतो, म्हणून त्याला ही वेगळी गावं वाटू शकतात. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन आहे, ते पहिल्या दोन पद्धती एक करतं. न दिसणारं जोडचिन्ह मात्र तसंच राहतं, त्यासाठी ते तुकडे ‘रिप्लेस’ वापरून स्वतः बदलावे लागतात. ‘वऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘बऱ्हाणपूरे’ अशी आडनावं आपल्याकडे भरपूर आहेत, म्हणून हे टाळू नका. एखाद्या ऑपरेटरने क्रमांक मराठी अंकांत भरले असतील तर तेही आधी इंग्रजी अंकांत आणा. आणि वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागा येते. ती साध्या ‘ट्रिम’ने जात नाही.

मोबाइल क्रमांक बरा वाटतो, पण घरात एकच फोन असतो आणि तीन भावांच्या नोंदणीवर तोच लागलेला असतो. कधी तो शेजारच्या पोराचा असतो. मोबाइल जुळला की ‘असू शकतो’ एवढंच धरा.

माझी पद्धत अशी. मूळ रकान्यांना हात लावायचा नाही. शेजारी नवे रकाने करायचे: साफ केलेलं नाव, गावाचा कोड, साफ केलेला गट, शेवटचे दहा अंक घेतलेला मोबाइल. मग बिनक्रमांकाच्या पट्ट्या आधी गाव कोड आणि गट यांवरून जुळवायच्या, उरलेल्या गाव कोड आणि मोबाइलवरून. प्रत्येक जुळणीपुढे ती कशावरून झाली ते लिहून ठेवायचं. तरी ज्या उरतील त्या कागदावर काढून त्या गावच्या तुमच्या संचालकाला वाचून दाखवा. ‘हा कोण, याचा सातबारा कोणाच्या नावावर’ हे तो बसल्या जागी सांगतो. साठ पट्ट्यांसाठी नावातला सारखेपणा मोजणारी क्वेरी लिहीत बसण्यापेक्षा हे लवकर होतं आणि जास्त खरं असतं. माणसाने सांगितलेली जुळणी मगच डेटाबेसमध्ये भरा.

हे झालं की उलट बाजूनेही एकदा क्वेरी चालवा: कोणत्या पट्ट्यांचा क्रमांक नोंदणीत नाही? टेबलांची नावं अदलाबदल करायची, बस. लोक ही बाजू सोडून देतात. पण वरच्या उदाहरणातल्या त्या दहा क्रमांकांच्या पट्ट्यांचा माल गोदामात पडलाय आणि चुकारा कोणाला द्यायचा ते डेटाबेसला माहीत नाही. तो शेतकरी एक दिवस दारात येऊन विचारणारच, “सगळ्याचे पैसे आले, माहं नाव काऊन नाही?” आणि ज्यांची खरी पट्टी चुकीच्या क्रमांकावर पडलीय, ते तुमच्या ९०० च्या यादीत विनाकारण गैरहजर दिसत असतात. म्हणून फोन करण्याआधीच या पट्ट्या खऱ्या क्रमांकाला लावून टाका.

वेगाची काळजी तुम्ही विचारली होती, २५०० ओळींना ती करू नका. जुन्या लॅपटॉपवरही हे लगेच होतं. पुढे चार-पाच हंगामांचा डेटा एकत्र झाला, तर काटापट्टीच्या नोंदणी_क्र या रकान्यावर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) लावा आणि दोन्हीकडे रकान्याचा प्रकार एकच ठेवा. एकीकडे आकडा आणि दुसरीकडे टेक्स्ट असेल तर पोस्टग्रेस सरळ नकार देतं. मायएसक्यूएल मात्र आपणच बदल करून ताडत बसतं, मग इंडेक्सचा उपयोग होत नाही.

पुढच्या हंगामाआधी काटापट्टीतला नोंदणी क्रमांक सक्तीचा करा आणि तो नोंदणी टेबलाशी फॉरेन कीने बांधा, म्हणजे नोंदणीत नसलेला क्रमांक डेटाबेस घेणारच नाही, असं मी म्हणेन. पण त्याआधी ऑपरेटरशी बोला. नेट गेल्यावर त्याला क्रमांक शोधताच येत नसेल तर तो पट्टी भरण्यासाठी कुठलाही चालू क्रमांक टाकेल, आणि चुकीचा क्रमांक रिकाम्या जागेपेक्षा जास्त नुकसान करतो. नोंदणीची यादी त्याच्या मशीनवर ऑफलाइन राहील अशी सोय आधी करा, सक्ती नंतर.

शेवटी फोन कोणत्या क्रमाने करायचे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, आणि केंद्र बंद झालं की उरलेला माल व्यापारी देईल त्या भावात जाणार. ज्यांचा माल ओलाव्यामुळे परत गेला त्यांना सगळ्यात आधी फोन करा. त्यांची कागदपत्रं पूर्ण आहेत, माल एव्हाना वाळला असेल, फक्त तारीख हवी आहे. दर्जाची अट बदलून ही यादी वेगळी निघते: ‘परत’ पट्टी आहे, ‘स्वीकारला’ एकही नाही. त्यानंतर ज्यांची एकही पट्टी नाही ते, गावानुसार लावून, म्हणजे एका गावातले चार-पाच जण मिळून एकच गाडी करू शकतील. क्वेरी चालवल्यावर वरचे पाच आकडे मला कळवा. बेरीज जुळत नसेल तर कुठे अडकलंय ते त्यावरून सांगता येईल.